चहा देऊन घेतलेली किल्ली

सरांनी आम्हाला फसवलं. आमचा चार वाजताचा चहा घेतला, त्याच्या बदल्यात संडासाची किल्ली दिली, आणि चहा पचल्यावर किल्लीही काढून घेतली. खिळ्यावरून काढली नाही. ती बहुधा आजही तिथेच लटकत असेल. तरी काढून घेतली. हा सौदा मी केला होता, म्हणून तो कसा बुडवला गेला हेही मीच सांगणार.

वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. मशिनच्या आत बसणाऱ्या वायरी कापायच्या, सोलायच्या, टोकांना क्लिपा दाबायच्या आणि जुड्या बांधून ठेवायच्या, हे काम. लाईनवर सगळ्या बायका. पुरुष दोनच, तेही माल पोचवायला टेम्पोबरोबर बाहेर. मालक ठाण्याचे, शिकलेले, इंजिनिअर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मला शेठ म्हणायचं नाही हं. सर म्हणा. शेठ नोकर ठेवतो, आपण कुटुंब आहोत." मी लग्न होऊन गावाकडून डोंबिवलीत आले आणि भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत प्रत्येकाशी घासाघीस करून घर उभं केलं. न मागता कोणी गोड बोलायला लागलं की मी आधी माल उलटून बघते. सरांचाही बघितला. खाली काय निघालं? या कुटुंबात संडासला जायला परवानगी लागत होती.

संडास मजल्याच्या टोकाला. आजूबाजूच्या गाळ्यांचा मिळून एक, म्हणून त्याला कुलूप आणि प्रत्येक गाळ्याकडे एक किल्ली. आमची किल्ली सरांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. हरवू नये म्हणून तिला एका जुन्या पेटीचं पत्र्याचं झाकण बांधलेलं, जेवणाच्या ताटाएवढं. ते हातात धरून अख्ख्या लाईनमधून चालत जायचं, आरतीला निघाल्यासारखं.

"सर, किल्ली."

सर आधी घड्याळाकडे बघायचे, मग आमच्याकडे. "आत्ताच गेलेलात ना?" कधी म्हणायचे, "पाणी जरा बेतानं प्यावं, ताई." आणि फार खूश असले की, "घरी पण एवढ्या वेळा जाता का?" या विनोदावर ते स्वतःच हसायचे. त्यांच्या केबिनला मात्र मागे वेगळं बाथरूम होतं. त्याला आतून कडी होती आणि ते कोणाला विचारून जात नव्हते.

आम्ही मग पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी जायच्या. माझ्या बाटलीवर माझ्या गॅलरीतली तुळस जगली. रोज गेल्या गेल्या ओतायची, ही माझी सवयच झाली होती.

सुटका एकच, चारचा चहा. खाली टपरीवर जायचं, ऊन घ्यायचं, कटिंग प्यायची, सरांची टिंगल करायची. त्यात शहाडहून येणारी एक मावशी उस्ताद. आमच्यात सगळ्यात मोठी, नातवंडांची आजी. हातातला ग्लास वर धरून, भुवई उचलून ती टपरीवाल्याला म्हणायची, "काय हो, आत्ताच प्यायलात ना?" आम्ही हसून हसून चहा सांडायचो. सरांना हे वरून, खिडकीतून दिसायचं. "चार वाजता माझी लाईन मरते," ते म्हणायचे. त्यांची लाईन. मरणाऱ्या आम्ही.

मग मावशीला ताप भरला. थंडी वाजून, कमरेपासून दुखणं. डॉक्टरांनी लघवीची तपासणी केली, आतमध्ये संसर्ग निघाला. दिवसभर पाणी प्या आणि लघवी दाबून धरू नका, एवढंच औषधापेक्षा महत्त्वाचं, असं बजावलं. ती परत कामावर आली तेव्हा चेहरा उतरलेला. मला जिन्यात गाठून म्हणाली, "अगं, सून म्हणते, बास झालं आता. पण घरी बसले ना, की मी पोळ्या लाटणारी म्हातारी. इथे येते तर कामाला जाणारी बाई आहे. सून पण डबा भरून देते. मला सोडायचं नाही गं."

मला तिडीक आली. त्याच पावली मी केबिनमध्ये गेले. तिथे सर आणि हिशेब बघणाऱ्या मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोघं बसलेले.

"सर, किल्ली गाळ्याच्या दाराबाहेर खिळ्यावर टांगायची. कोणी मागणार नाही, कोणी विचारणार नाही."

"ताई, अशी शिस्त कशी राहील? उद्या सगळ्याच उठून जातील."

"जातील आणि येतील. तिथे बसून कोणी पत्ते खेळणार नाही."

मॅडमना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. सर खुर्चीत मागे रेलले. सौदा करणारा माणूस मागे रेलला की त्याला काहीतरी हवं असतं. मला माहीत होतं त्यांना काय हवंय.

"चहाचं काय करू या मग?" ते म्हणाले.

"चहा टेबलावर पिऊ. थर्मास आणा. खाली जाणार नाही. पण किल्ली बाहेर, आणि तोंडातून एक शब्द नाही."

"ठरलं," सर म्हणाले. वर हातही पुढे केला, मोठ्या कंपनीशी करार केल्यासारखा.

लाईनवर बोंब झाली. "तुझं काय जातंय, तू विकून आलीस आमचा चहा," एक वहिनी म्हणाली. टपरीवालाही चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मावशीनं बाटली उघडली, सगळ्यांसमोर घटाघटा अर्धी संपवली, खिळ्यावरची किल्ली ताटासकट उचलली आणि गेली. कोणी घड्याळ बघितलं नाही. परत आल्यावर म्हणाली, "देवदर्शन झालं." तेव्हा ती वहिनीही हसली. थर्मासमधला चहा पांचट होता, पण आम्ही तो प्यायलो. सौदा म्हटला की तोही प्यावा लागतो.

काही आठवड्यांनी दारावर कॅमेरा बसला. "सुरक्षा," सर म्हणाले. "दिवस कसे आहेत बघताय ना." माल आत, मशिनं आत, पैशांचं कपाट केबिनमध्ये, आणि कॅमेऱ्याचं तोंड खिळ्याकडे. आमच्या किल्लीला एवढी सुरक्षा मिळाली.

व्हॉट्सॲपवर आमचा एक ग्रुप होता, 'आपलं कुटुंब'. त्यात सर, मॅडम, आम्ही सगळ्या आणि टेम्पोवरची ती दोन माणसं. एका दुपारी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. फोटो आला होता. मावशी पाठमोरी, हात वर करून खिळ्यावरून ताट काढतेय. खाली सरांनी लिहिलेलं, "मावशी, आज तिसऱ्यांदा!" पुढे हसणारे चेहरे. टेम्पोवाल्या एकानं अंगठा दाखवला. मावशी तेव्हा संडासातच होती. ती बाहेर आली, ताट टांगलं, जागेवर बसली, फोन बघितला आणि उलटा घालून ठेवला. बाटलीचं झाकण घट्ट लावलं. नंतर दिवसभर ती उठली नाही.

मी केबिनमध्ये गेले. या वेळी दार वाजवलं नाही.

"काय ठरलेलं सर? विचारायचं नाही."

"मी कुठे विचारलं? फोटो टाकला फक्त. कुटुंबात गंमत चालते, ताई."

"मग तुमचाही टाका. तुम्ही पण जाता."

मॅडमनी मान खाली घातली. सरांचे कान लाल झाले. "भाषा सांभाळून," ते म्हणाले.

"भाषा राहू द्या. तुम्ही शब्द मोडलात, आता चहा परत द्या. उद्या चारला आम्ही खाली जाणार."

"आता लाईनला सवय झालीय," ते शांतपणे म्हणाले. "मागे कशाला जायचं?"

असा माणूस मी बाजारात बघितला नाही. माल घेतो, पैसे परत घेतो, वर गिऱ्हाईकाला सवय झाली म्हणतो. भिवंडीच्या भंगारवाल्याला पण याची लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी चारला मी एकटीच खाली उतरले, बाकीच्या खिडकीतून बघत राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. घरं सगळ्यांनाच असतात. त्या महिन्यानंतर मी तिथे राहिले नाही. मावशीचं येणं तर माझ्याही आधी थांबलं. पुन्हा ताप आला, आणि फोन सुनेनं उचलला. "त्यांना आता नाही पाठवत," एवढंच म्हणाली.

मी शहाडला भेटायला गेले तेव्हा मावशी पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानं तांब्या पुढे केला. "पी गं पोटभर. इथे कोणी फोटो काढत नाही." हसली, पण ते टपरीवरचं हसणं नव्हतं. मी ग्लास वर धरून म्हटलं, "आत्ताच प्यायलात ना?" तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. पोळी उलटली.

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. लघुउद्योजकांचा कुठला तरी मेळावा, गळ्यात शाल, हातात माईक आणि आमचे सर. सांगत होते, "आमच्याकडे चहाची सुट्टीच नाही. मी बंद केली नाही हो. माझी माणसंच म्हणाली, सर, टेबलावरच द्या. याला म्हणतात आपलेपणा." समोरचे टाळ्या वाजवत होते.

माणसं म्हणाली नव्हती, सर. मी म्हणाले होते, आणि बदल्यात एक वस्तू मागितली होती. ती कोणती होती, हे त्याच माईकवरून, त्याच शालीत उभं राहून सांगा. कॅमेरा खिळ्याकडे का फिरवला तेही सांगा. आणि नंतर शहाडला जाऊन मावशीला तिच्या सुनेसमोर सांगा की तो फोटो कशासाठी काढला होता. पत्ता माझ्याकडे आहे. मागा, मी देते.