चित्रामागचा खाकी कागद

अबू धाबीच्या संग्रहालयातून आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दुबईत, अल बर्शातल्या या फ्लॅटमध्ये फेऱ्या तरी किती मारणार? हॉल, बाल्कनी, परत हॉल.

संग्रहालयात एका फ्रेंच चित्रकाराची समुद्रकाठची चित्रं लावली होती. मोठं आकाश, खाली ओहोटीची वाळू, टोपल्या घेतलेल्या कोळणी. तो किनाऱ्यावर उभा राहूनच रंगवायचा आणि चित्रावर वेळ, वारा लिहून ठेवायचा, असं पाटीवर होतं. नात म्हणाली, "आजोबा, जस्ट लाइक युवर्स. मी शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तुमचंच टाकणार."

हॉलमधलं ते चित्र माझं नाही. मला सरळ रेघही मारता येत नाही.

तरुणपणी मी इथल्याच रुवैसच्या तेल कारखान्यात एका ठेकेदाराकडे इंजिनियर होतो. आमच्यात पाइपांना रंग मारणारा कोकणातला एक माणूस होता, माझ्याच वयाचा. शुक्रवारी तो खोक्याची प्लायवूडची फळी आणि उरलेले रंग घेऊन किनाऱ्यावर बसायचा. समोर रुवैसचा समुद्र, फळीवर त्याच्या गावचा. होड्यांची वाट बघणाऱ्या बायका.

"खोलीत बसून काढ की. उन्हात कशाला मरतोस?"

"साहेब, वारा अंगाला लागल्याशिवाय पदर कसा उडतो ते कळत नाय."

नोकरी संपवून तो निघाला तेव्हा फळी सामानात बसेना. माझ्याकडे देऊन म्हणाला, "सुट्टीवर याल तेव्हा गावात पोचवा. आयेला दाखवायची हाय."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

पुढच्याच महिन्यात बायको पहिल्यांदा तिकडे आली. भिंतीला टेकवलेली फळी बघून तिने विचारलं, "तुम्ही काढलंत?" तिच्या आवाजातलं कौतुक मला नवीन होतं. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी फळीच्या मागे खाकी कागद चिकटवला. तिने हौसेने फ्रेम करून घेतली. त्यानंतर कितीतरी सुट्ट्या झाल्या. दर वेळी बॅगेत जागा नव्हती.

एकदा रत्नागिरीकडचे पाहुणे चित्रापुढे थबकले. "वारा अगदी बरोबर धरलात हो. गाव कुठलं तुमचं?"

"पुणे," म्हणालो आणि चहा बघायला आत गेलो.

बायको गेली, तीही तेच समजून गेली.

आज दुपारी नात चित्राचा फोटो काढायला आली. मी फ्रेम उतरवली, पालथी घातली आणि सुरीने कागद सोडवला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचलं: शुक्रवार, दुपार. खारा वारा. आयेसाठी. खाली त्याचं नाव आणि गाव.

"हू इज ही?"

सांगितलं सगळं. तिने फोन खाली ठेवला.

"देन व्हाय इज इट स्टिल हिअर?"

बॅगेत जागा नव्हती, हेच पुन्हा ओठांवर आलं. ते गिळलं. "मी दिलं नाही, म्हणून."

फळी आता चादरीत बांधून दाराशी ठेवली आहे. मुलाला भारताचं तिकीट काढायला सांगितलं. त्या रंगाऱ्याची आई आता नसणारच. तोही असेल की नाही, माहीत नाही. मघापासून तिसऱ्यांदा उठून मी दोरीची गाठ तपासली.