बियाण्याचे बारा शब्द

माझी वहिनी बोहाड्याचे, म्हणजे आमच्याकडच्या देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे करते. कागदाचा लगदा, खळ आणि वरून रंग. मी जव्हारला एका क्लासमध्ये पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवला, त्यामुळे मोखाड्याकडच्या आमच्या घरात मी विद्वान गणला जातो. ते मुखवटे परदेशात विकायला इंटरनेटवर दुकान थाटलं, तेही मीच.

गिऱ्हाइकं आली, पण त्यांची कार्डं आमच्याकडे चालेनात. एका परदेशी बाईंनी कळवलं, क्रिप्टोत पैसे घेत असाल तर दहा मुखवटे आत्ता घेते. झालं. मी रेंजसाठी तीन आठवडे टेकडीवर बसून व्हिडिओ पाहिले आणि दुकानात तसं बटण बसवलं. हिशेब बघणारे गृहस्थ म्हणाले होते, जरा थांबा, नियम विचारून सांगतो. मला कुठला धीर!

पैसे आले. वहिनीने परसात खांबांचे खड्डे खणायला घेतले. पावसाळ्यात मुखवटे वाळत नाहीत, बुरशी धरते, म्हणून तिला पत्र्याची शेड हवी होती. चार वर्षं हवी होती.

आता त्या क्रिप्टोच्या पाकिटाला कुलूप नसतं. बारा इंग्रजी शब्द असतात, ते ज्याच्याकडे त्याचं पाकीट. त्यांना 'सीड' म्हणतात. माझ्या हातून चष्मासुद्धा हरवतो, म्हणून शब्दांचा कागद मी वहिनीकडे दिला आणि वर मास्तरकी केली: "वहिनी, हे सीड, म्हणजे बियाणं समजा. घर जळालं तरी हे राहिलं, की सगळं पुन्हा उगवतं." समजावण्याची ही हातोटी क्लासमध्ये फार वाखाणली जायची. तिने तो कागद नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्याच्या डब्यात ठेवला.

दुकानाचा फोन तिच्याकडेच असायचा. मी दोन दिवस नाशिकला होतो, तेव्हा त्यावर एका माणसाचा फोन आला. हिंदीत, अदबीने. पाकिटाच्या कंपनीतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडायला आलंय, तुमचं सीड जरा सांगा. वहिनी सातवी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून बाराही शब्द वाचून दाखवले. त्याने आभार मानले, दीदी म्हणाला.

मी परतलो तेव्हा पाकीट रिकामं होतं. चौकीवर गेलो. चोरीला काय गेलं, असं विचारल्यावर माझ्या तोंडून "बारा शब्द" निघालं. हवालदार हसला नाही, उलट मला बसायला खुर्ची दिली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

घरी मी वहिनीवर आवाज चढवला. कुणालाही कसं सांगितलंत, असं दोनदा विचारलं. ती चुलीपुढून उठलीही नाही.

"भावजी, तुम्हीच बोललात ना, बियाणं हाय म्हणून. बियाणं मागणाऱ्याला नाही कसं बोलायचं?"

आमच्याकडे खरंच नाही म्हणत नाहीत. एखाद्याचं बियाणं किडलं, उंदरांनी खाल्लं, तर तो दारात येतो आणि टोपलीत घेऊन जातो. कशाला, किती, परत कधी, काही विचारायचं नसतं. हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि जगातले सगळे शब्द सोडून मी तिला नेमका तोच शब्द दिला होता.

बटण मी काढून टाकलं. खड्डे दादाने बुजवले. मग बरेच दिवस मी वहिनीला शिकवत बसलो: फोनवर कुणी काही मागितलं तर आधी विचारायचं, कोण, कशाला. ती मान हलवायची. शिकवलेलं तिच्या लक्षात राहतं.

पेरणीच्या तोंडावर खालच्या पाड्यावरची एक म्हातारी आली. तिची नागली घुशींनी खाल्ली होती. वहिनीने डबा काढला, झाकण उघडलं आणि तशीच थांबली.

"कशाला पाहिजे?" तिने विचारलं.

म्हातारीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेराया," ती म्हणाली, "दुसऱ्या कशाला, बाय?"