बरोबर वाक्य

कपाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. सांगलीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला तीन महिने झाले होते. चहा देणाऱ्या मावशींना विचारलं.

"आवं मॅडम, ह्यो तुमचा. दुसऱ्यात देऊ नगं म्हणून सांगितलंय मला. राग धरू नगा."

कुणी सांगितलं, ते त्यांनी नजरेनं दाखवलं. तिकडे वरिष्ठ बाई वह्या तपासत होत्या. माझी जात त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून काढली होती. आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते.

मी त्याच कपातून चहा प्यायले. मला कायम करायचं की नाही, याचा अहवाल त्या लिहिणार होत्या. रहिमतपूरजवळच्या गावात आई अजून लोकांच्या रानात आलं काढायला जाते.

पुढच्या आठवड्यात सातवीला 'सेग्रिगेट' हे क्रियापद आलं. फळ्यावर अर्थ लिहिला: वेगळं काढून ठेवणं. उदाहरण दिलं, ओला कचरा आणि सुका कचरा. मुलांना स्वतःचं वाक्य करायला सांगितलं. बहुतेकांनी कचराच लिहिला. एकानं कांदे-बटाटे.

वरिष्ठ बाईंची मुलगी उभी राहिली. तिनं इंग्रजीत वाचलं, "माझी आई शाळेत मॅडमचा कप सेग्रिगेट करते." मग हसून म्हणाली, "नेलपॉलिश माझंच आहे, मॅडम. बरोबर आहे ना?"

क्रियापद बरोबर. अर्थ बरोबर. मी वहीत बरोबरची खूण केली. वर्गाकडे पाठ करून फळा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन आल्या.

"हे चूक द्या. तिच्याकडून दुसरं लिहून घ्या."

"चूक काय आहे त्यात?"

"तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

मी वही परत दिली. खूण तशीच ठेवली.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"आमी वंजळीनं पाणी प्यालो पोरी, वरनं वतल्यालं. तू समद्यांत बसून कपातनं च्या पितीस म्हणून लय बरं वाटायचं मला."

नोकरी सांभाळ, असं ती म्हणाली नाही. मला रडू आलं ते त्यामुळे.

सकाळी मुख्याध्यापकांना लेखी तक्रार दिली. काय झालं, कधी झालं, कुणी केलं. मावशींचं नाव घातलं नाही. पोच घेतली.

"मिटवून टाका," सर म्हणाले.

अहवाल अजून आलेला नाही. तो कसाही येवो. तक्रार मी मागे घेणार नाही.