बिडीचा खोकला

भिंगारच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. मापं घेणं हा माझा धंदा, तरी चार वर्षांपूर्वी स्वतःचीच पँट मी दोनदा कमरेत आत घेतली आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. खोकला होता, पण तो बिडीचाच असं धरून चाललो होतो. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला मित्रही असाच, दिवसाला एक बंडल ओढणारा. चहाला बसलो की आम्ही आळीपाळीने खोकायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "दुनियेची मापं घेता. सोताचं कवा घेनार?"

आरोग्य खात्याकडून आमच्या गल्लीत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी बेडका तपासायला डबी दिली. मी घाईत नुसती थुंकी देऊन आलो. त्यांनी दुसरी डबी दिली आणि सकाळी उठल्या उठल्या छातीतून कसं काढायचं ते करून दाखवलं. त्या डबीत टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बिडीने फुफ्फुसं आधीच कमजोर होतात, जंतूचं फावतं, आणि खोकला बिडीचाच समजून माणूस उशिरा येतो. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, आणि बिडी बंद. खरं सांगतो, मला टीबीपेक्षा त्या शेवटच्या दोन शब्दांची जास्त भीती वाटली.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लघवी केशरी झाली. घाबरून आशाताईंना फोन केला. हसू आवरत त्या म्हणाल्या, "काका, गोळीचा रंग हाय त्यो. काल सांगितलं हुतं, पन तुमचं ध्यान बिडीत हुतं."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. हात सारखा खिशाकडे जायचा. खिशात बायकोने बडीशेप भरून ठेवलेली. त्या चिडचिडीत एका शर्टाची डावी बाही उजवीकडे लावली, गिऱ्हाईकाने तो तसाच घालूनही पाहिला. घरातल्यांच्या तपासण्या मात्र चांगल्या आल्या. तिसऱ्या महिन्यात अशी भूक लागू लागली की पँट उसवून सैल केली, पुन्हा केली, मग शिवणीत कापडच उरलं नाही.

मित्राने मात्र सुरुवातीला स्टूल लांब सरकवलं होतं. मला लागलं ते. तरी मास्क लावून त्याच्याकडे गेलो आणि सांगितलं, की एका बंडलातल्या बिड्या ओढल्या आपण, तुझाही खोकला तपासून घे. दोन दिवस तो चहालाही आला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करून आला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला.

त्याचा बेडका स्वच्छ निघाला, एक्स-रेही. दवाखान्याच्या गेटबाहेर आल्यावर सवयीने त्याने बिडी काढली, थांबला, आणि अख्खं बंडल माझ्या हातात दिलं. "तूच टाक. माझ्याच्यानं न्हाई टाकवनार."

मी टाकलं. माझे सहा महिने पुरे झाले, शेवटची तपासणी साफ आली. त्याने नंतर दोनदा बिडी सुरू केली आणि दोनदा सोडली. सध्या सोडलेली आहे.