कारभाऱ्याच्या घरी एडिटर आला

स्वतःच्या हातानं काही बनवायला घ्या. वस्तू बनो न बनो, किस्से हमखास बनतात! विकत आणलेलं मशीन बिघडलं की माणूस कंपनीला शिव्या घालतो. आमचं बिघडलं की आम्ही एकमेकांना घालायचो. त्यामुळे आमच्याकडे साठा मोठा आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. तिकडे कानडी मुलुखात, यशवंतपूरच्या अलीकडे पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही चक्क कॉम्प्युटर बांधला होता. आम्ही म्हणजे आमचे प्रमुख भीमराव अण्णा, कागदी टेपवर भोकं पाडून प्रोग्रॅम उतरवणाऱ्या सरोजाअक्का आणि मी. मशीनचा सगळा संसार सांभाळणारा प्रोग्रॅमही घरचाच. आज त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आम्ही ‘कारभारी’ म्हणायचो. आता या कारभाऱ्यावर एडिटर बसवायचा होता, म्हणजे मजकूर मशीनमध्येच दुरुस्त करता आला असता.

दिल्लीहून निरोप होता : तपासणीला साहेब येतील. मशीन कामाचं असेल तर दाखवा, नाहीतर ते मोडीत निघेल आणि त्या जागी परदेशी येईल.

"सरी! बरं, दाखवू की!" अण्णा म्हणाले. जसं काही पाहुण्यांना घर दाखवायचंय!

*

एडिटर येण्याआधी चूक दुरुस्त करायची म्हणजे टेप कात्रीनं कापायची, नवा तुकडा जोडायचा आणि देवाचं नाव घेऊन टेप वाचणाऱ्या रीडरमध्ये घालायची. एकदा डिंक संपला. अक्कांनी घरून मैद्याची खळ करून आणली. जोड असा पक्का बसला की अण्णा खूश!

सोमवारी येऊन बघतो तर टेपला जागोजागी खिडक्या. झुरळांनी खळीबरोबर प्रोग्रॅमही खाल्ला होता.

मी डोक्याला हात लावून बसलो. अण्णांनी टेप उजेडात धरली आणि म्हणाले, "चला, कुणाला तरी आपला प्रोग्रॅम पचला!"

*

मेमरी इवलीशी. कारभारी आत बसला की एडिटरला जागा नाही, एडिटर बसला की कारभारी बाहेर. मी म्हटलं, "अण्णा, नाही मावत हो!"

"चाळीत मावतात ना दोन बिऱ्हाडं? मग सामान कमी करा!"

आमचा कारभारी फार सभ्य होता. काही चुकलं की टेलिप्रिंटरवर अख्खं इंग्रजी वाक्य छापायचा : अमुक ठिकाणी तमुक चूक झाली आहे, कृपया तपासावे. अण्णांनी ती सगळी वाक्यं उडवली. आता चूक झाली की नुसतं एक प्रश्नचिन्ह. एडिटर आत मावला!

पहिल्याच दिवशी अक्कांना लागोपाठ प्रश्नचिन्हं आली. त्या वैतागून उठल्या.

"अय्यो! अगदी आमच्या सासूबाई! काय चुकलं ते सांगायचं नाही, चुकलं एवढंच सांगायचं!"

*

एडिटर मावला, पण त्याला एक खोड. कुठलीही टेप द्या, पहिली ओळ गिळायचा! अण्णांनी चूक शोधली. पण दुरुस्तीला कात्री घ्यायला तयार होईनात. "घरात एडिटर असताना कात्री? लोक काय म्हणतील?"

म्हणून एडिटरची टेप एडिटरलाच दिली. त्यानं चूक इमानेइतबारे दुरुस्त केली आणि स्वतःची पहिली ओळ गिळून टाकली!

नवी टेप चढवली तर काही हलेना. सुरुवात कुठून करायची, तेच गेलं होतं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, चूक सुधारली पाहा. आता काहीच करत नाही."

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, अण्णांनी मशीनची यथासांग पूजा केली. हार, लिंबू, हळद-कुंकू, सगळं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून शेडला कुलूप.

दुसऱ्या दिवशी रीडर टेप ओढायचा, पण वाचायचा काहीच नाही. आम्ही कारभारी तपासला, शेवटी कात्रीनंच दुरुस्त केलेला एडिटर तपासला, माझ्यावर तर दोनदा संशय घेऊन झाला. शेवटी अक्कांनी पदरानं रीडरची काच पुसली. अण्णांनी भक्तिभावानं गंध लावलं होतं ते थेट त्याच्या डोळ्यावर!

अण्णा जराही ओशाळले नाहीत. "पूजा पोचली त्याला. डोळे मिटून बसला होता!"

*

शेवटी साहेब आले. मूळचे नागपूरचे, कडक इस्त्रीचे. बॅगेतून त्यांनी अहवालच काढला. टाइप करून तयार!

"मशीन बघायच्या आधीच?" अण्णांनी विचारलं.

"गाडीत वेळ होता." साहेब म्हणाले. "असं करा, हाच चढवा तुमच्या मशीनवर."

अक्कांनी टेपवर भोकं पाडून चढवला. टेलिप्रिंटर खडखडला आणि अहवाल कागदावर उमटला. शेवटची ओळ इंग्रजीत होती, पण अर्थ सरळ : मशीन मोडीत काढावे. आमची इतकी वर्षं त्या एका ओळीत गेली होती. अक्कांचे डोळे भरले. अण्णा मात्र म्हणाले, "ठसा छान आलाय!"

साहेबांना एक शब्द खटकला. "हा बदलायचाय. आमचा टायपिस्ट एका शब्दासाठी पान पुन्हा मारतो आणि नव्या चुका घालतो."

अक्कांनी कळा दाबल्या. तेवढाच शब्द बदलला, बाकी मजकूर जागच्या जागी.

साहेबांनी चष्मा लावला. मग आणखी एक शब्द. मग एक स्वल्पविराम. सगळी हयात सरकारी मसुद्यांत गेलेला माणूस! थोड्या वेळानं त्यांनी कोट काढला आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले. समोर कॉफी निवली, बाहेर ड्रायव्हर डोकावून गेला. साहेब एक एक ओळ घासूनपुसून लख्ख करत खाली येत होते.

शेवटच्या ओळीशी हात थांबला. अण्णा काहीतरी बोलणार, एवढ्यात मी त्यांचा पाय दाबला.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, अख्खी ओळच काढायची झाली, तर कुठली कळ दाबायची?"