कानाच्या जरा पलीकडे

माझ्या आत्याचे यजमान कधी कोणाच्या तोंडाकडे बघून बोलल्याचं आमच्या घराण्यात कोणालाही आठवत नाही. ते बघत समोरच्याच्या कानाच्या जरा पलीकडे. दूधवाला मागे वळून बघायचा, जावई कानावरून हात फिरवायचा. याचं मूळ त्यांच्या कामात होतं. काका ग्रहांचे अभ्यासक. शनीचे अंधुक उपग्रह दुर्बिणीतून शोधण्यात त्यांचं तारुण्य गेलं. अंधुक वस्तूकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि नजर जराशी बाजूला ठेवली की दिसते, हा त्या कामाचा पहिला धडा. काकांनी तो सगळ्या सृष्टीला लागू केला. मेथीची जुडी ते शेजारच्या मुळ्यांकडे बघून पारखत. आत्या सांगायची, "मला बघायला आले तेव्हा सगळा वेळ माझ्या कुड्यांकडे बघत होते. आई म्हणाली, मुलगा हुशार आहे, पण सोन्यामोत्यांवर नजर आहे."

मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणाऱ्या एका दगडाला काकांचं नाव दिलेलं आहे. दिल्लीत द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी दर गणपतीत नव्यानं जाहीर होई, शाल-श्रीफळासकट. उत्तरादाखल ते एवढंच म्हणत, "दगड आहे हो. कोणाच्या डोक्यात पडणार नाही, हाच त्याचा गुण." ग्रहणाच्या दिवशी नोएडाहून वृत्तवाहिनीची गाडी त्यांना न्यायला येई. निवेदिका काकुळतीला येऊन म्हणे, "सर, कैमरे में देखिए ना, प्लीज." काका कॅमेऱ्याशेजारच्या पंख्याला शनीची कडी समजावून सांगत राहत.

मागच्या हिवाळ्यात ते चहा कपाच्या बाहेर ओतू लागले. आत्या म्हणाली, "इकडे बघून ओता ना." ते म्हणाले, "बघूनच ओततोय." मग एकदा लिफ्टमध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीला विचारलं, "बेटा, कौनसा फ्लोर?" ती म्हणाली, "बाबा, ड्रामा बंद करा यार." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. काकाही हसले. त्यांनाही यात वेगळं काही वाटत नव्हतं. माणसांचे चेहरे मधोमध पुसट होत होते, पण ते सवयीनं नजर बाजूला नेत आणि तेवढ्यावर भागवत. राहिलेला दोष त्यांनी दिल्लीच्या धुरक्यावर टाकला होता.

करोल बागेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "इतने दिन आप क्या देख रहे थे?" डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. आधी आले असते तर इंजेक्शनांनी थांबवता आलं असतं. उजवाही त्याच वाटेवर होता. त्याला इंजेक्शनं सुरू झाली, पण डॉक्टर भरवसा देईनात.

परतताना मेट्रोत आत्या म्हणाली, "मला कसं कळणार होतं? तुम्ही पहिल्यापासून असेच."

"मलाही नाही कळलं," काका म्हणाले. "आणि निरीक्षण हा माझा व्यवसाय."

अशा रुग्णांना नजरेच्या कडेनं बघायला शिकवतात. त्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी काकांना परत पाठवलं. "सर, आपको तो सब आता है," त्या म्हणाल्या.

परवा मी द्वारकेला गेले तेव्हा आत्यानं कुड्या घातल्या होत्या. घरातल्या गाउनवर. लॉकरमधून काढून आणल्या म्हणे. चहाचा कप तिनं काकांच्या हातात दिला, समोरच्या खुर्चीत बसली, पांढरे केस कानामागे सारले आणि थांबली. काकांची नजर भिंतीवरून, पडद्यावरून चाचपडत आली आणि मोत्यांशी येऊन टेकली.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलीस."