क्रॅनबेरीच्या शेतातून अक्काला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या अक्काचे, कारण तिच्या अंगणवाडीच्या पगारावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. आजही इथे परदेशात, बॉटनी डाउन्स या माझ्या उपनगरातल्या दुकानात क्रॅनबेरीच्या रसाची लाल बाटली दिसली की मला २०१४चा एप्रिल आठवतो. या देशाच्या दक्षिण बेटावर मित्रांसोबत फिरताना आम्ही एका क्रॅनबेरीच्या शेतावर थांबलो होतो. काढणीसाठी वाफ्यांत पाणी सोडलं होतं, वेलींवरून सुटलेली लाल फळं त्यावर तरंगत होती आणि ओल्या मातीचा गार वास येत होता. गमबूट घातलेली मालकीणबाई हसून म्हणाली, "चाखून बघ, तोंड वाकडं होईल." झालंच तसं, कच्चं करवंद आठवलं. लघवीच्या जळजळीवर हे चालतं असं ऐकलं होतं, म्हणून मी विचारलं, "बहिणीला रस पाठवू का? तिला सारखा त्रास होतो." "पुन्हा होऊ नये म्हणून काहींना उपयोग होतो. पण आत्ता दुखत असेल तर डॉक्टरच. आणि तिला हीप्स, म्हणजे भरपूर, पाणी प्यायला सांग." अंगणवाडीला संडास नव्हता, म्हणून अक्का दिवसभर पाण्याला शिवत नसे, हे मला आईकडून कळलं होतं. संध्याकाळी अक्काला फोन लावला. "काय रे, आवाज का बसलाय?" "थंडी आहे इथे." भावाने बहिणीशी हे बोलायचं कसं? शेवटी पत्र पाठवलं: "अक्का, आधी डॉक्टरकडे जा. आणि पाणी पीत जा. दुपारी घरी जाऊन येत जा, तेवढा वेळ मदतनीस मुलांकडे बघेल. इथे शेतभर पाणी पाहिलं आणि तुझी तहान आठवली."